पाळी लांबतेय, रिपोर्टवर ‘पीसीओडी’ आलंय. आता पुढे काय?

रिपोर्ट मी सोनोग्राफी सेंटरच्या पायरीवर बसूनच उघडला. दोन्ही ओव्हरीज (अंडाशय) ‘बल्की’, म्हणजे फुगीर, कडेने बरीच लहान फॉलिकल्स, आणि तळाशी ‘पीसीओडी’, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. घरी पोचेपर्यंत आईने आत्याला फोन केला होता आणि आत्याने ते प्रश्नचिन्ह काढून टाकून “गाठी झाल्यात पोरीला” असं निदान पक्कं करून टाकलं होतं. रात्रीच्या जेवणापर्यंत गाठींचं ऑपरेशन, मग लग्न, मग मूल, सगळं बोलून झालं. शेवटची पाळी कधी आली होती हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

त्याला आता चौदा वर्षं झाली. त्यानंतर मी एक वही घातली, आणि आजवर मला जे काही उपयोगी पडलं त्यातलं निम्मं त्या वहीमुळे पडलं. ज्यांच्या हातात रिपोर्ट नुकताच आलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. गोळ्यांची नावं पुढे येतील ती तुम्हाला डॉक्टरांसमोर नीट बोलता यावं म्हणून. केमिस्टकडे जाऊन मागण्यासाठी नव्हे.

आधी त्या ‘गाठीं’चं बघू

पीसीओडी म्हणजे ‘पॉलिसिस्टिक ओव्हेरियन डिसीज’. सगळा घोळ त्यातल्या ‘पॉलिसिस्टिक’, म्हणजे ‘पुष्कळ गाठींचं’, या शब्दाने केलाय. सोनोग्राफीत दिसतात ती फॉलिकल्स, म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढतं त्या २ ते ९ मिलीमीटरच्या पिशव्या. साधारणपणे दर महिन्याला त्यातली एक पुढे निघते, मोठी होते, फुटते आणि बीज सुटतं. पीसीओडी असलेल्या आपल्यासारख्यांत पुष्कळ पिशव्या एकदम निघतात आणि अर्ध्या वाटेत बसून राहतात. त्या दुखत नाहीत आणि काढायच्याही नसतात.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांच्या ओव्हरींचं वर्णन केलं, तेव्हापासून दुखणं ओव्हरीच्या नावावर लागलं. खरी गडबड मात्र बऱ्याच जणींत इन्शुलिनपासून, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनपासून, सुरू होते. शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. जास्तीचं इन्शुलिन ओव्हरीला जास्त टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) बनवायला लावतं, आणि ते टेस्टोस्टेरॉन रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनतं. मग बीज सुटत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मानेच्या घडीत काळपट मखमली पट्टा दिसायला लागतो. (तो पट्टा घासून जात नाही. मी लिंबू, बेसन, काथ्या, सगळं करून बसलेय.)

डॉक्टर पीसीओडी लिहितात, पुस्तकं पीसीओएस म्हणतात (शेवटचा ‘एस’ सिंड्रोमचा). हे दोन वेगळे आजार असल्याचं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. त्यात वेळ घालवू नका. आणि तुम्ही एकट्या नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायकांना हे असतं, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना त्याचा पत्ताच नसतो.

पायरी १: तारखा लिहायला लागा, आजपासून

मोबाईलमध्ये ॲप आहेतच. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लाल ठिपका देते, कारण ते रोज नजरेसमोर असतं. महिन्याच्या शेवटी वहीत उतरवून घेते. पहिल्या दिवसाची तारीख म्हणजे नीट अंगावरून जायला लागलं तो दिवस. नुसता डाग पडला तर तो वेगळ्या खुणेने मांडा. एका पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. पाळी संपल्यापासून मोजण्याची चूक फार जणी करतात आणि मग डॉक्टरांना आठवडाभराने चुकलेला आकडा सांगतात.

मोठ्या बाईत २१ ते ३५ दिवसांचं चक्र नेहमीचं. ३५ च्या पुढे जात असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर ती अनियमित. मुलींचं वेगळं आहे. पहिल्या वर्षी पाळी कशीही आली तरी घाबरायचं नाही. पुढची दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंत चालतं. पण पहिलं वर्ष उलटल्यावर एकदाही ९० दिवसांच्या वर गेली, किंवा वयाची १५ वर्षं झाली तरी आलीच नाही, तर दाखवायला हवं. “आमच्यातही उशिराच यायची” हे उत्तर पुरेसं नाही.

आपल्याकडची एक खास भानगड: गौरी-गणपतीच्या आधी घ्यायची पाळी पुढे ढकलायची गोळी. घरात महालक्ष्म्या, सोवळं, पंचवीस माणसांचा स्वयंपाक, मीही घेतलीय. पण ज्यांची तारीखच ठरलेली नाही त्यांनी ती कधी सुरू करायची हा प्रश्नच आहे, आणि गोळी थांबवल्यावर येतो तो रक्तस्राव गोळीमुळे आलेला असतो. तो आपोआप आलेली पाळी म्हणून मोजू नका, वहीत ‘गो’ लिहून ठेवा. कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ही गोळी परस्पर अजिबात नको.

आणखी एक. संबंध येत असतील आणि पाळी लांबली, तर आधी घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट. “मला तर पीसीओडी आहे” म्हणून चौथ्या महिन्यापर्यंत गाफील राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. बीज उशिरा सुटतं, कधीतरी सुटतं, पण सुटतं. मूल नको असेल तर गर्भनिरोधक लागतंच.

पायरी २: निदान पक्कं करून घ्या

नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेला नियम आजही चालतो, २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही थोड्या फरकाने तोच आहे. तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण, म्हणजे चेहरा-छाती-पोटावर राठ केस किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन, आणि सोनोग्राफीत तशा दिसणाऱ्या ओव्हरीज किंवा त्याऐवजी रक्तात जास्त आलेलं एएमएच (त्या लहान फॉलिकल्समधून येणारं हार्मोन). पहिल्या दोन असतील तर सोनोग्राफीची गरजही नाही. पाळी सुरू होऊन आठ वर्षं व्हायच्या आत सोनोग्राफी किंवा एएमएच यांवरून निदान करूच नये, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या ओव्हरीजही अशाच दिसतात. सोळा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर ‘पीसीओडी’ दिसलं आणि तिची पाळी वेळेवर येत असेल, तर तिच्या कपाळावर तो शिक्का मारू नका.

दुसरं कुठलं कारण नाही ना, हेही बघावं लागतं. म्हणून रक्तात टीएसएच (थायरॉईड), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि बहुतेक वेळा १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (ॲड्रिनल ग्रंथीचा बिघाड पकडायला). रक्त शक्यतो पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सकाळी देतात. पाळीच येत नसेल तर डॉक्टर सांगतील तो दिवस. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटा कमी येतो. बरोबर आकडा हवा तर गोळ्या बंद होऊन तीन महिने जावे लागतात. गोळ्या आधी आणि तपासणी नंतर असं झालं तर हा सगळा पैसा वाया.

लॅबवाले ‘पीसीओडी प्रोफाइल’ नावाचं जाडजूड पॅकेज विकतात. त्यात फास्टिंग इन्शुलिन हमखास असतं. ती तपासणी नेहमीच्या उपचारासाठी करू नये असं मार्गदर्शिका सांगते, कारण तिचा आकडा भरवशाचा नाही. डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवून “एवढंच करा” म्हणायला शिका.

सोनोग्राफीबद्दल दोन शब्द, कारण पहिल्यांदा जाताना कुणी सांगत नाही. लग्न न झालेल्या, संबंध न आलेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून होते. त्यासाठी लघवी तुंबवून जावं लागतं. मी लिटरभर पाणी पिऊन ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीसमोर पाऊण तास बसले होते. शेजारच्या सात महिन्यांच्या गरोदर बाईंनी स्वतःचा नंबर मला दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, अर्धं लघवीमुळे. आतून करायची सोनोग्राफी जास्त स्पष्ट दिसते, पण ती तुमच्या संमतीनेच. “नको” म्हटलं तर चालतं.

पायरी ३: साखर, ब्लडप्रेशर आणि कंबर

याकडे आपलं दुर्लक्ष होतं, कारण आपण गेलेलो असतो पाळीसाठी. पण पुढच्या वीस वर्षांत घोटाळा करायचा तो साखरच करते. उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली म्हणून खूश होऊ नका. करायची ती ग्लुकोज पिऊन: सकाळी उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच मिनिटांत संपवायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त. मधले दोन तास लॅबमध्येच बसायचं, चहा नाही, फिरायला जाणं नाही. पुस्तक न्या. दोन तासांची साखर १४० च्या खाली हवी. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. २०० आणि वर म्हणजे मधुमेह. माझी उपाशीपोटीची ९२ होती आणि दोन तासांची १५८. ही तपासणी झाली नसती तर मी आणखी पाच वर्षं निश्चिंत राहिले असते.

निदानाच्या वेळी एकदा, आणि मग दर एक ते तीन वर्षांनी. सोबत कोलेस्टेरॉन आणि ब्लडप्रेशर. शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजा: भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही धोक्याची रेघ. वजनाचा आकडाही आपल्यासाठी वेगळा असतो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ च्या पुढे गेला की जास्त धरतात. रात्री घोरत असाल आणि दिवसभर झोप येत असेल तर तेही सांगा, त्याचाही याच्याशी संबंध असतो.

पायरी ४: तुमचं स्वतःचं गाऱ्हाणं कोणतं?

वहीच्या नव्या पानावर एकच प्रश्न लिहा: मला या घडीला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय? पाळीचा, केसांचा, साखर-वजनाचा, की मूल हवंय? चारही असतील तर क्रम लावा. पीसीओएसवर सगळ्यांना चालणारी एक गोळी नाही. जिला मूल हवंय तिला दिलेलं औषध आणि जिला हनुवटीचे केस नकोत तिला दिलेलं औषध एकमेकांच्या अगदी विरुद्ध असतं. मैत्रिणीची चिठ्ठी म्हणूनच उपयोगाची नाही.

पायरी ५: ताट

मला आहारतज्ज्ञांनी पहिल्यांदा जो तक्ता दिला त्यात ओट्स, ब्रोकोली आणि ऑलिव्ह ऑइल होतं. तो मी नऊ दिवस पाळला. पीसीओएसला अमुक एकच आहार सरस ठरतो असा पुरावा नाही, हे मला फार उशिरा कळलं. जो वर्षभर टिकेल तोच कामाचा, आणि आपल्या घरात टिकतं ते भाकरी-उसळ-ताक.

मी सुरुवात चहापासून केली. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर: आठ चमचे, म्हणजे ३५-४० ग्रॅम. गूळ घातला तर बरं, असं घरोघरी ऐकू येतं. शरीराला गूळही साखरच दिसते. पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले. आता पाव चमच्यावर आहे आणि पाहुण्यांच्या घरचा चहा पाकासारखा लागतो.

दुसरा बदल पोह्यांचा. पोहे सोडले नाहीत. पूर्वी बशीभर पोह्यांत दहा शेंगदाणे असायचे. आता अर्धे पोहे, त्यात वाटीभर मोड आलेली मटकी, मूठभर शेंगदाणे, वरून खोबरं-कोथिंबीर. बशी तेवढीच दिसते, पण अकरा वाजता बिस्किटाच्या डब्याकडे हात जात नाही. उपम्यात मटार-गाजर, धिरड्यासोबत दही, अंडं खात असाल तर दोन उकडलेली. कोकणात-गोव्यात असाल तर बांगड्याचं हुमण आहेच, फक्त भाताचा डोंगर टेकडी करा. तत्त्व एकच: पिठूळ पदार्थ एकटा पोटात पाठवायचा नाही, सोबत डाळ-उसळ-दही-मासा आणि भाजी द्यायची.

ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, पण चार भाकऱ्या खाऊन “मी गहू सोडलाय” म्हणण्यात अर्थ नाही. गहू किंवा दूध सोडल्याने पीसीओएस जातो असं काही सिद्ध झालेलं नाही; झेपत असतील तर खा.

उपवासाचं काय? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, आणि एकादशीला दुप्पट खाशी. उपवास सोडायला कुणी सांगत नाही. राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ताक, दही-काकडी, एखादं फळ यावर उपवास निभतो. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या आणि साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी फरक पडू शकतो. ७० किलोच्या बाईला हे साडेतीन ते सात किलो होतात. “आधी वीस किलो कमी कर, मग ये,” असं एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी वर्षभर कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. आणि बारीक बायकांनाही पीसीओएस असतो. त्यांनी उपाशी राहून आणखी बारीक होऊ नये, तसं केलं तर आहे ती पाळीही थांबते.

पायरी ६: शतपावली, पण शंभरावर थांबायचं नाही

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल असा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा. इतकंच. रात्री जेवून वीस मिनिटं चालण्याचा माझ्या साखरेवर झालेला परिणाम घरच्या मशीनवर मला दिसलाय. ताकदीसाठी जिमची फी भरायची नसेल तर बैठका काढा. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून दहा, मग पंधरा. पाण्याने भरलेल्या दोन कळशा उचलणाऱ्या आपल्या आज्यांना हे सांगावं लागलं नसतं, आणि आपल्याला लिफ्टची सवय आहे.

पायरी ७: गोळ्या, आणि त्यांच्याभोवतीच्या कुजबुजी

पाळी आणायची गोळी. प्रोजेस्टेरॉनसारखं औषध पाच-दहा दिवस, ते संपल्यावर साधारण आठवडाभरात पाळी येते. हिचं खरं काम पाळी ‘सुरळीत’ करण्याचं नाही. बीज सुटत नाही तेव्हा गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर त्यात बिघाड होऊ शकतो, पुढे क्वचित कॅन्सरही. म्हणून निदान दर तीन महिन्यांनी ते उतरलं पाहिजे. “पाळी येत नाही, बरंय, कटकट नाही,” असं म्हणून मी सात महिने काढले होते. तसं करू नका. ‘अंगात उष्णता’ म्हणून पपई आणि तीळ खात वाट बघणं हाही त्याचाच प्रकार.

गर्भनिरोधक गोळ्या. पाळी, मुरुमं आणि केस, तिन्हीवर चालतात. अडचण नावाची आहे. माझ्या आईने पाकिटावरचं वाचून ते कपाटात कपड्यांखाली लपवलं, “पाहुणे बघतील.” या गोळ्यांनी पुढे मूल व्हायला अडथळा येत नाही. पण त्या आजार बरा करतात असंही नाही. थांबवल्या की पाळी पुन्हा पूर्वीसारखी. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा येऊन मग डोकं दुखणारी अर्धशिशी, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, जास्त ब्लडप्रेशर, पस्तिशीनंतर सिगारेट: यातलं काहीही असेल तर आधी सांगा, या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत.

मेटफॉर्मिन. “तुला शुगर आहे?” हा प्रश्न येणारच. ही मधुमेहाची गोळी इन्शुलिनचं काम सोपं करते. जेवणाबरोबर घ्यायची, ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून डॉक्टर हळूहळू वाढवतात. पहिले दोन आठवडे पोट बिघडतं. मी ऑफिसच्या बसमध्ये बसायची जागा बदलून दाराशेजारची घेतली होती. हळू विरघळणारी गोळी मागून बघा, आणि पोट बिघडलं म्हणून परस्पर बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होतं, शाकाहारी बायकांचं आधीच कमी असतं, तेव्हा ते तपासत राहायचं.

इनोसिटॉल नावाच्या सप्लिमेंटची पाकिटं महाग आहेत आणि पुरावा तोकडा. घेऊन बघायला हरकत नाही, घर गहाण टाकू नका. ‘पीसीओडी मुळापासून’ असा दावा करणारी, आत काय आहे ते न लिहिलेली पावडर मात्र लांब ठेवा. आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथी घेत असाल तर ते दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगा. लपवायचं कारण नाही.

पायरी ८: हनुवटी

यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. माझ्या पर्समध्ये चिमटा असतो. लोकलमध्ये खिडकीशी बसलं की उन्हात हनुवटीवर तो एक जाड केस बोटाला लागतो, आणि उतरेपर्यंत बोट तिथेच. थ्रेडिंग करा, वॅक्स करा, रेझर फिरवा. त्याने केस जाड होऊन उगवत नाहीत, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून राठ लागतं. पार्लरमधल्या बाईंनी “अगंबाई, काहीतरी करा यावर” म्हटलं तर पार्लर बदला.

गोळ्यांचा केसांवर परिणाम दिसायला निदान सहा महिने लागतात, कारण आधीच उगवलेला केस आपलं आयुष्य संपवल्याशिवाय गळत नाही. दोन महिन्यांनी औषध बदलू नका. काळ्या केसांवर लेझर चांगलं चालतं, पण बऱ्याच बैठका लागतात आणि आतले हार्मोन तसेच राहिले तर काही केस परत येतात. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन नावाची, पुरुषी हार्मोनला अडवणारी गोळी डॉक्टरांनी दिली तर लक्षात ठेवा: ती चालू असताना दिवस राहता कामा नयेत.

पायरी ९: मूल हवं असेल तेव्हा

‘मूल होणार नाही’ हे खोटं आहे. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं; काहींना वेळ लागतो, काहींना औषध. प्रयत्न सुरू करायच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. पाळी दोन-तीन महिन्यांनी येत असेल तर वर्षभर वाट बघत बसू नका, लगेच भेटा. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच महिन्यात. बायकोच्या चार सोनोग्राफ्या आणि सहा रक्ततपासण्या झाल्यावर एक साधी, स्वस्त तपासणी राहिली होती हे लक्षात येतं, अशी घरं कमी नाहीत.

बीज सुटण्यासाठी आज पहिलं औषध लेट्रोझोल. २०१४ साली ७५० बायकांवर झालेल्या अमेरिकन अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफिनवर १९.१ टक्के जणींना. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी आली आणि २०१७ मध्ये ती उठली, म्हणून एखाद्या नातेवाईक बाई “ती तर बंदी घातलेली गोळी” म्हणतील. त्यांचं ज्ञान जुनं आहे इतकंच. पाकिटावर स्तनाच्या कॅन्सरचा उल्लेख असतो, तो वाचून घाबरू नका. औषध मुळात त्यासाठी निघालं. दुर्बिणीतून ओव्हरीला छिद्रं पाडायचं ऑपरेशन गोळ्या चालल्या नाहीत तर नंतरचं. ते पहिल्याच भेटीत सुचवलं तर दुसरं मत घ्या.

दिवस राहिले की साखरेची तपासणी लवकर, आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. गरोदरपणातला मधुमेह आणि ब्लडप्रेशर आपल्यात जास्त दिसतं.

लग्न ठरवताना सांगायचं का? माझं मत: ज्याच्याशी लग्न करायचं त्याला सांगावं. त्याच्या मावशीला नाही.

मधल्या मधे: मन

पीसीओएसमध्ये उदासी आणि चिंता जास्त आढळते, आणि ती तपासावी असं मार्गदर्शिकाही म्हणते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ काही करावंसं वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर वहीत लिहा आणि डॉक्टरांना वाचून दाखवा. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

पायरी १०: थांबायचं नाही अशा वेळा

तासाला एक पॅड भिजतोय असं दोन-तीन तास चाललं. दहा दिवसांच्या वर रक्त थांबत नाही. दिवस राहिल्याची शंका आहे आणि पोटात एका बाजूला कळ येतेय. गोळ्या चालू असताना एक पोटरी सुजून दुखतेय किंवा दम लागतोय: त्याच दिवशी डॉक्टर. काही महिन्यांत झपाट्याने केस वाढले, आवाज घोगरा झाला, तर ते बहुधा साधं पीसीओएस नाही. तेही लवकर दाखवा.

एरवीची भेट दहा मिनिटांची असते. वहीचं पहिलं पान उघडून टेबलावर ठेवा: गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, चालू गोळ्यांची नावं, आणि सगळ्यात वरचं गाऱ्हाणं. चाळिशीकडे पाळी बरेचदा आपोआप नियमित होत जाते, साखरेचा धोका मात्र तसाच राहतो. तेव्हा वही त्यानंतरही चालू ठेवायची.

हे घराण्यात चालतं. बहिणींना, मुलींना व्हायची शक्यता जास्त. माझ्या धाकट्या बहिणीला मी रिपोर्ट येण्याची वाट बघायला लावली नाही, तिच्या हातात हिरवा पेन दिला. आमच्या कालनिर्णयवर आता दुधाच्या हिशेबाशेजारी दोन रंगांचे ठिपके असतात. आत्या आली की विचारते, हे हिरवं काय गं?